मध्यम पायरीवरील फ्रेंच आणि मायबोलीचे साहाय्य

(महाविद्यालयातील द्वितीय वर्षाचे फ्रेंचचे विद्यार्थी व प्राध्यापक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फ्रेंच भाषेची थोरवी सांगण्यासाठी मी येथे उभी नाही. ती संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे आणि आफ्रिका खंडातील अनेक देशांचा व्यवहार तिच्यात चालतो. आपल्या मुंबईच्या माझगाव गोदीत फ्रेंच आराखड्यावर बांधलेल्या सहा पाणबुड्यांपैकी पहिली ‘कलवरी’ २०१७ मध्ये आणि सहावी ‘वाघशीर’ २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. हे सारे प्रवेशाच्या वेळी तुम्हांला सांगून झालेले असेल. मला बोलावयाचे आहे ते दुसऱ्या वर्षाच्या वर्गाविषयी, म्हणजे ज्या वर्गातील बाके दिवाळीच्या सुट्टीनंतर हळूहळू रिकामी होऊ लागतात त्या वर्गाविषयी.

पहिल्या वर्षी फ्रेंच शिकणे आनंदाचे असते. नाव, गाव, घरची माणसे, घड्याळ, बाजार, उपाहारगृहातील संभाषण. रोज काहीतरी नवे हाती लागते आणि घरी जाऊन म्हणूनही दाखविता येते. अकरावीला केवळ गुणांच्या ओढीने हा विषय घेतलेले विद्यार्थीही या टप्प्यावर रमतात. दुसऱ्या वर्षी चित्र पालटते. दोन-तीन भूतकाळ एकदम समोर येतात. पाठोपाठ ‘स्युब्जाँक्तिफ’ आणि ‘काँदिसिओनेल’ ही रूपे येतात. ‘ई’ आणि ‘आँ’ ही दोन चिमुकली सर्वनामे वाक्यात कोठेही घुसतात. ध्वनिफितीवरील माणसे एकाएकी भरधाव बोलू लागतात. काल धिटाईने बोलणारी मुलगी आज मान खाली घालून बसते. हा अनुभव मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्यांना विशेष जाणवतो आणि त्यांच्यापैकी पुष्कळजण मनाशी एक निष्कर्ष काढतात: माझे इंग्रजी कच्चे, म्हणून माझे फ्रेंचही कच्चेच राहणार.

हा निष्कर्ष खोटा आहे, एवढेच मला आज दाखवावयाचे आहे. फ्रेंचच्या प्रारंभिक पायरीवर इंग्रजीचा थोडाफार उपयोग होतो, कारण हजारो शब्द दोन्ही भाषांत दिसावयास सारखे आहेत. मध्यम पायरीवर मात्र प्रश्न शब्दांचा राहत नाही. तो काळ, अर्थ आणि प्रयोग यांचा होतो. तेथे इंग्रजीपेक्षा मराठीच्या वाटेने फ्रेंचपर्यंत पोचणे अनेक ठिकाणी अधिक सोपे आहे.

युरोप परिषदेने १९७६ मध्ये फ्रेंच भाषेसाठी एक आराखडा प्रसिद्ध केला. परक्या देशात गेलेल्या माणसाला स्वतःच्या बळावर निभावून नेण्यासाठी किती भाषा हवी, याची ती मोजदाद होती. तिचे नाव ‘आँ निव्हो-सय’, म्हणजे ‘उंबरठ्याची पातळी’. पुढे २००१ मध्ये जी सहा पायऱ्यांची युरोपीय चौकट आली, तिच्यातील तिसरी पायरी, ‘बी-१’, ही हीच. ‘डेल्फ’ परीक्षेत या पायरीला ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात. शंभरांपैकी ५० मिळाले म्हणजे उत्तीर्ण, परंतु कोणत्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले तर बाकीचे गुण वाया जातात. उंबरठा हा शब्द मला फार समर्पक वाटतो. उंबरठ्यावर उभे राहिलेल्या माणसाला घर दिसत असते, पण तो घरात आलेला नसतो.

प्रथम भूतकाळांचा विचार करू, कारण मुले अडखळतात ती तेथेच. फ्रेंचमध्ये घडून गेलेल्या गोष्टीसाठी ‘पासे काँपोझे’ आणि चालू असलेल्या किंवा नेहमी होत असलेल्या गोष्टीसाठी ‘आँपार्फे’ असे दोन भूतकाळ नित्य वापरात आहेत. इंग्रजीतून समजावून घेताना विद्यार्थी गोंधळतो. ‘गेलो’ आणि ‘जात असे’ या दोहोंना इंग्रजीत बहुतेक वेळा ‘वेण्ट’ हा एकच शब्द पुरतो, आणि मग फ्रेंचमध्ये कोणते रूप लिहावयाचे याचा सुगावा त्या शब्दातून लागत नाही. आता मराठीत हे वाक्य पाहा: ‘लहानपणी मी दर उन्हाळ्यात आजोळी जात असे. एके दिवशी आजोबांनी मला विहिरीत ढकलले.’ पोहणे शिकविण्याची ही पद्धत ज्यांनी अनुभवली असेल ते हसतील. पण व्याकरण पाहा. ‘जात असे’ हा आपला रीतिभूतकाळ. तेथे फ्रेंच माणूस ‘झाले’ म्हणतो, म्हणजे आँपार्फे. ‘ढकलले’ तेथे तो ‘मा पूसे’ म्हणतो, म्हणजे पासे काँपोझे. शाळेत रीतिभूतकाळाची ‘मी जाई, तू जाईस’ अशी रूपे आपण घोकतो आणि ती कशासाठी हे विसरून जातो. त्यांचा उपयोग असा अवचित होतो.

हे साम्य आणखी खोलवर जाते. ‘मला माहीत होते’ आणि ‘मला कळले’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, हे मराठी मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. फ्रेंचमध्ये या दोहोंसाठी क्रियापद एकच, ‘साव्हुआर’. भेद होतो तो केवळ काळाने. ‘झ साव्हे’ म्हणजे मला माहीत होते आणि ‘झे स्यु’ म्हणजे मला कळले. ‘झाव्हे पर’ म्हणजे मला भीती वाटत होती आणि ‘झे यु पर’ म्हणजे मला भीती वाटली. ‘तो पुण्यात राहत होता’ आणि ‘तो तीन वर्षे पुण्यात राहिला’ या दोहोंतील फरकही नेमका तोच. मी विद्यार्थ्यांना नेहमी सुचविते की, कोणता काळ लिहावा असा संभ्रम पडला तर वाक्य मनात मराठीत म्हणावे. ‘होता’, ‘असे’, ‘जायचा’ अशी शेपटी आपसूक आली तर आँपार्फे लिहावे. ‘गेला’, ‘केले’, ‘कळले’ असे तुटक रूप आले तर पासे काँपोझे लिहावे. हा नियम शंभर टक्के चालेल असा माझा दावा नाही. ‘होता’, ‘होती’ ही रूपे मराठीत एखाद्या वेळी पूर्ण झालेल्या गोष्टीलाही लागतात. ‘तो आला होता’ यात तर तिसराच भूतकाळ दडलेला आहे, आणि फ्रेंचमध्ये त्याचे ‘प्ल्यु-क-पार्फे’ असे वेगळे खाते आहे. पण बहुतेक ठिकाणी तो पार नेतो.

वर्तमानकाळातही एक गंमत आहे. ‘मी तीन वर्षांपासून येथे राहतो’ हे आपण वर्तमानकाळात म्हणतो. हेच वाक्य आपल्या मुलांनी सरळ इंग्रजीत नेले की इंग्रजीचे शिक्षक तांबड्या शाईने खूण करतात, कारण तेथे दुसरा काळ लागतो. फ्रेंचमध्ये मात्र ‘झाबीत ईसी दप्वी त्रुआ झाँ’ असा स्वच्छ वर्तमानकाळच हवा. इंग्रजीच्या वहीतली ती चूक फ्रेंचच्या वहीत बरोबर ठरते.

आता मी ज्या मुद्द्यावर जरा रेंगाळणार आहे तो कृदंताच्या लिंगवचनाचा. फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजाला, आणि खरे सांगावयाचे तर फ्रेंच शाळकरी मुलालाही, घाम फोडणारा हा विषय. ‘मी मजकूर लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिले’: लिहिणारा एकच, पण क्रियापद कर्माप्रमाणे बदलले. हा आपला कर्मणी प्रयोग. आणि ‘मी गेलो, मी गेले’ यात ते कर्त्याप्रमाणे बदलले. हा कर्तरी प्रयोग. फ्रेंचमध्ये जाणे, येणे, जन्मणे, मरणे, पडणे अशा क्रियापदांचा भूतकाळ ‘एत्र’, म्हणजे ‘असणे’ या साहाय्यक क्रियापदाने होतो आणि कृदंत कर्त्याप्रमाणे बदलते. मुलगा ‘झ स्वी आले’ लिहितो तेव्हा आणि मुलगी तेच लिहिते तेव्हा, मुलीच्या वहीत शेवटी एक अक्षर जास्त असते. उच्चारात फरक पडत नाही, लेखनात पडतो. सकर्मक क्रियापदांना ‘आव्हुआर’, म्हणजे ‘जवळ असणे’ हे साहाय्यक लागते. तेथे कर्म आधी आले असेल तर कृदंत कर्माच्या लिंगवचनाशी जुळते. ‘मी लिहिलेला मजकूर’ याला ‘ल तेक्स्त क झे एक्री’, परंतु ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ याला ‘ला लेत्र क झे एक्रीत’. शेवटचा ‘त’ कानांना स्पष्ट ऐकू येतो.

हा योगायोग नाही. संस्कृतातील जुनी भूतकाळी रूपे लोकांच्या बोलण्यातून गळून पडली आणि ‘मया पत्रं लिखितम्’ अशा कृदंताच्या रचनेतून आपला भूतकाळ उभा राहिला. जुन्या मराठीतील ‘म्यां’ हे त्या ‘मया’चेच रूप. तिकडे लॅटिनमध्येही ‘माझ्याजवळ चिठ्ठी लिहिलेली आहे’ अशा अर्थाच्या वाक्यातून फ्रेंचचा पासे काँपोझे निघाला. दोन्हीकडे कृदंत मुळात विशेषण होते, आणि विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलावयाचेच. आपण ती सवय पूर्णपणे जपली. फ्रेंचांनी अर्धी जपली. कर्म आधी आले तरच कृदंत जुळवावे, हा नियम सोळाव्या शतकातील कवी क्लेमाँ मारो याने इटालियन भाषेचा दाखला देऊन पुरस्कारिला, आणि तेव्हापासून फ्रेंच मुले त्याच्याविषयी कुरकुरत आली आहेत. २०१८ मध्ये बेल्जियममधील दोघा माजी शिक्षकांनी ‘आव्हुआर’बरोबरचे हे जुळविणे बंदच करावे अशी सूचना केली आणि फ्रेंचभाषक जगात बराच वाद झाला. तेव्हा तुमच्या वहीत या ठिकाणी चुका होत असतील, तर तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

मात्र येथेच सावध राहावयास हवे. मराठीतील अकर्मक क्रियापद म्हणजे फ्रेंचमध्ये ‘एत्र’ असे समीकरण मांडू नये. झोपणे, चालणे, हसणे ही क्रियापदे आपल्याकडे अकर्मक असूनही फ्रेंचमध्ये त्यांना ‘आव्हुआर’च लागते. शिवाय लिंगे जुळतीलच असे नाही. आपल्याकडे तीन लिंगे, त्यांच्याकडे दोन. आपला चंद्र पुरुष, त्यांचा स्त्री; आपला फोटो पुल्लिंगी, त्यांची ‘फोतो’ स्त्रीलिंगी. पण निर्जीव वस्तूलाही लिंग असते आणि त्याप्रमाणे सबंध वाक्य हालते, ही कल्पनाच ज्याला नवी आहे त्याचे कष्ट निराळे, आणि ज्याला फक्त याद्या पाठ करावयाच्या आहेत त्याचे कष्ट निराळे.

‘स्युब्जाँक्तिफ’ या नावानेच विद्यार्थी दचकतात. वस्तुतः दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून व्याकरणाची परंपरा आपल्या शाळांत रुजली, आणि आजही विद्यार्थी क्रियापदाचे अर्थ चार शिकतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ. फ्रेंच शाळांतही पुरुषाप्रमाणे चालणारी क्रियापदे परंपरेने याच चार दालनांत मांडली जात: आँदिकातिफ, आँपेरातिफ, स्युब्जाँक्तिफ आणि काँदिसिओनेल. अलीकडचे फ्रेंच व्याकरणकार शेवटच्याला स्वतंत्र दालन मानीत नाहीत, पण वर्गात आपल्याला त्याने फरक पडत नाही. ‘तो येईल असे मला वाटते’ आणि ‘त्याने यावे असे मला वाटते’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. ‘वाटते’ हे क्रियापद दोन्हींत तेच आहे. पहिल्यात अंदाज आहे, दुसऱ्यात इच्छा आहे, आणि हा सारा बदल केवळ ‘येईल’च्या जागी ‘यावे’ आल्याने झाला. फ्रेंचमध्ये पहिल्या ठिकाणी ‘झ पाँस कील व्हिएँद्रा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘झ व्ह कील व्हिएन’. ‘यावे’ म्हणावयाचे असेल तेथे ‘व्हिएन’. फ्रान्सच्या जयघोषातील ‘व्हिव्ह ला फ्राँस’ तुम्ही ऐकलेले असते. त्यातील ‘व्हिव्ह’ हेही स्युब्जाँक्तिफच. आपल्या ‘विजय असो’ मधील ‘असो’ आणि आशीर्वादातील ‘देव तुझे भले करो’ यातील ‘करो’ यांचे ते भावंड आहे.

पूल तुटतो तेथेही पाहून घ्यावे. ‘तो येईल असे मला वाटत नाही’ या नकारात मराठी ‘येईल’च ठेवते, फ्रेंच मात्र शंका दिसताच बहुधा ‘व्हिएन’कडे वळते. ‘तो आला याचा मला आनंद झाला’ येथे आपल्याला विध्यर्थाची आठवणही होत नाही, फ्रेंचला तेथेही स्युब्जाँक्तिफ हवा असतो. आणि संकेतार्थाच्या बाबतीत तर मराठीच पाय ओढते. ‘मला वेळ असता तर मी आलो असतो’: आपण दोन्ही उपवाक्यांत सारखीच रूपे योजतो, म्हणून मराठी विद्यार्थी फ्रेंचमध्येही दोन्हीकडे काँदिसिओनेल लिहून मोकळा होतो. फ्रेंचमध्ये ‘सी’, म्हणजे ‘जर’, याच्या उपवाक्यात आँपार्फे येतो आणि काँदिसिओनेल केवळ ‘तर’च्या बाजूला. शिवाय ‘मला आत्ता वेळ असता तर’ आणि ‘काल वेळ असता तर’ हे आपण एकाच रूपाने भागवितो, तर फ्रेंच त्यासाठी दोन वेगळी रूपे मागते. ही चूक मराठीतून येते हे शिक्षकाला ठाऊक असेल तर तो ती दोन तासांत घालवू शकतो. ठाऊक नसेल तर वर्षभर केवळ तांबडी शाई खर्ची पडते.

‘आँ’ या सर्वनामाचेही तसेच. ‘तुला भाऊ किती?’ या प्रश्नाला आपण ‘तीन’ म्हणून मोकळे होतो. फ्रेंच माणूस ‘झाँ ने त्रुआ’ म्हणतो, म्हणजे ‘मला त्यांतले तीन आहेत’. तो ‘आँ’ गाळता येत नाही. मराठीत त्याला प्रतिशब्द शोधीत बसण्यापेक्षा शे-दीडशे प्रश्नोत्तरे तोंडाने म्हणावीत. दुसरा मार्ग मला तरी आढळलेला नाही.

आता काही सुखद गोष्टी. ‘त्यु’ आणि ‘व्हू’ हा भेद इंग्रजीत उरलेला नाही, म्हणून पाठ्यपुस्तकांत त्यावर पाने खर्ची पडतात. आपल्याला तू आणि तुम्ही आहेच. इतकेच नव्हे तर एखाद्याला ‘त्यु’ म्हणणे यासाठी फ्रेंचमध्ये ‘त्युत्वाये’ असे स्वतंत्र क्रियापद आहे आणि ‘व्हू’ म्हणण्यासाठी ‘व्हूव्वाये’. अरे-तुरे करणे आणि अहो-जाहो करणे याहून नेमके भाषांतर कोणत्या भाषेत मिळेल? मात्र कोणाला काय म्हणावे याचे संकेत वेगळे आहेत. आजचे फ्रेंच मूल आईप्रमाणेच वडिलांनाही ‘त्यु’ म्हणते, आणि दुकानदाराशी, तो समवयस्क असला तरी, ‘व्हू’नेच बोलते. कॅथलिक प्रार्थनेत परमेश्वराला पूर्वी ‘व्हू’ म्हणत असत. १९६६ पासून ‘त्यु’ म्हणू लागले. विठ्ठलाशी एकेरीत भांडणाऱ्या संतांच्या प्रदेशातील विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये.

‘मला हे आवडते’ याची रचना फ्रेंच ‘सा म प्ले’ हिच्याशी तंतोतंत जुळते: आवडणारी वस्तू कर्ता, आणि आवडून घेणारा ‘मला’. आणखी एक उदाहरण मला फार प्रिय आहे. फ्रेंच माणूस एका आठवड्याला ‘वी झूर’ म्हणतो, म्हणजे आठ दिवस, आणि दोन आठवड्यांना ‘काँझ झूर’, म्हणजे पंधरा दिवस. इंग्रजीतून शिकणारा बोटे मोजीत बसतो, की सात आणि चौदा असताना हे आठ आणि पंधरा कोठून आले! ‘आठ दिवसांनी या’ असे सांगणाऱ्या शिंप्याकडून कपडे शिवून घेतलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. सत्तरला ‘साठ-दहा’ आणि नव्वदला ‘चार-वीस-दहा’ म्हणणाऱ्या फ्रेंच आकड्यांची थट्टा होते, पण एकोणऐंशी आणि नव्याण्णव पाठ केलेल्या डोक्याला त्यांचे भय कसले?

उच्चारांविषयी थोडक्यात सांगते. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ हे दंत्य आहेत, आपल्या त-द सारखे. ‘प’ आणि ‘क’ यांत हकार मिसळत नाही. इंग्रजी वळणाने ‘टेबल’ म्हणणाऱ्या जिभेला ‘ताब्ल’ म्हणण्यासाठी पुन्हा घरी यावे लागते, एवढेच. कष्ट आहेत ते ‘यु’ असा मी लिहिते आहे त्या स्वराचे. ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची, असा तो स्वर आहे. तो साधला नाही तर ‘वर’ आणि ‘खाली’ यांचे फ्रेंच शब्द एकच होऊन बसतात, आणि पुस्तक टेबलावर आहे की टेबलाखाली हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

ऐकण्याची अडचण मात्र खरी आहे आणि ती मराठीने सुटत नाही, सह्य होते. फ्रेंचमध्ये शब्द सुटे राहत नाहीत. मागच्याचे शेवटचे व्यंजन पुढच्याच्या स्वराला जाऊन मिळते. ‘ले’ आणि ‘आँफाँ’ मिळून ‘लेझाँफाँ’ होते. संस्कृतातील संधी शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. त्यातून बोलणारे लोक अक्षरे गिळतात. पुस्तकातील ‘झ न से पा’, म्हणजे ‘मला माहीत नाही’, हे रस्त्यावर ‘शे पा’ असे ऐकू येते. आपणही ‘काय करीत आहेस’ असे लिहितो आणि ‘काय करतोयस’ असे बोलतो. मराठी शिकणाऱ्या फ्रेंच माणसाची यामुळे होणारी दैना डोळ्यांपुढे आणावी. यावर उपाय म्हणजे श्रुतलेखन. रोज दहा ओळी, एकच ध्वनिमुद्रण तीनदा ऐकून लिहिणे. श्रुतलेखन हा फ्रान्समध्ये जवळजवळ राष्ट्रीय खेळ आहे. १८५७ मध्ये प्रॉस्पेर मेरिमे याने सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात एक अवघड उतारा घातला, तेव्हा स्वतः सम्राटाच्या ७५ चुका झाल्या आणि सर्वांत कमी, अवघ्या तीन, चुका एका परकीय माणसाच्या, ऑस्ट्रियाच्या राजदूताच्या झाल्या, अशी आख्यायिका आहे.

इंग्रजीच्या भरवशावर राहणाऱ्यांनी एक मासला लक्षात ठेवावा. मध्यम पायरीवरील निबंधांत ‘मी कॉलेजात जातो’ याचे ‘झ व्हे ओ कोलेज’ असे भाषांतर हमखास येते. फ्रान्समध्ये ‘कोलेज’ म्हणजे साधारण ११ ते १५ वर्षांच्या मुलांची शाळा. वीस वर्षांचा विद्यार्थी एका वाक्यात सहावीच्या वर्गात जाऊन बसतो. तसेच ‘लिब्रेरी’ हे ग्रंथालय नसून पुस्तकांचे दुकान, आणि ‘ब्लेसे’ म्हणजे आशीर्वाद मिळालेला नव्हे, तर जखमी.

प्राध्यापक मित्रांना मला एक विनंती करावयाची आहे. वर्गात फ्रेंचशिवाय दुसरा शब्द उच्चारू नये, हे तत्त्व प्रारंभिक पायरीवर मलाही मान्य आहे. चित्र दाखवून ‘ही खुर्ची’ असे सांगता येते. पण इच्छा आणि अंदाज यांतील भेद चित्रात दाखविता येत नाही. तेथे आपण नाइलाजाने इंग्रजीचा आधार घेतो आणि मराठी शाळेतून आलेल्या मुलाला परकी भाषा दुसऱ्या परक्या भाषेतून शिकावी लागते. तेथे तीन मिनिटे मराठीला द्यावीत. युरोप परिषदेने २०२० मध्ये आपल्या चौकटीला जो पूरक ग्रंथ जोडला, त्यात एका भाषेतील मजकूर दुसऱ्या भाषेत पोचविण्याच्या कौशल्याला सविस्तर स्थान दिलेले आहे. म्हणजे ज्यांच्या पद्धती आपण अनुसरतो ते स्वतःही या वाटेने पुढे गेले आहेत. वर्गात गुजराती, कोकणी, उर्दू बोलणारी मुलेही असतील. त्यांनाही आपापल्या भाषेतील उदाहरणे शोधावयास सांगावे. कोकणी बोलणाऱ्यांचे अनुनासिक स्वर तर आपल्यापेक्षा फ्रेंचला जवळचे आहेत, हे तुमच्या कानांवर लगेच येईल.

वाचावे काय, असा प्रश्न या पायरीवर नेहमी येतो. कादंबऱ्या अद्याप जड जातात आणि पाठ्यपुस्तके बाळबोध वाटू लागतात. माझी सूचना अशी की, जे मराठीत वाचलेले आहे ते फ्रेंचमध्ये वाचावे. आपल्या भाषेकडे फ्रेंच अभ्यासकांनी पूर्वीपासून आस्थेने पाहिलेले आहे. मराठीच्या घडणीचा शास्त्रीय इतिहास ज्यूल ब्लॉक यांनी फ्रेंचमध्ये लिहिला आणि वा. गो. परांजपे यांनी तो पुढे मराठीत आणला. तो ग्रंथ तुमच्यासाठी आज कठीण आहे, त्याला वेळ आहे. पण गी दलरी यांनी केलेला तुकारामांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद १९५६ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला, आणि पुण्यात राहून हेमा राईरकर यांच्यासह जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह करणारे गी पॉइतव्हाँ यांनी बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ फ्रेंचमध्ये नेले. मूळ अभंग तुम्हांला पाठ असतो. त्यामुळे फ्रेंच ओळीतील अनोळखी शब्द कोशाविना उलगडतो, आणि कधी कधी ‘येथे हा अर्थ उतरला नाही’ असे तुम्हीच अनुवादकाला सुनावू लागता. ज्या दिवशी एखादी विद्यार्थिनी असे सुनावते, त्या दिवशी ती उंबरठा ओलांडून आत आलेली असते.

या सत्रात प्रत्येकाने एक वही वेगळी ठेवावी. डाव्या पानावर स्वतःच्या बोलण्यातले, पुस्तकातले नव्हे, असे एक मराठी वाक्य आणि उजव्या पानावर त्याचे फ्रेंच रूप, असे रोज एक. पूल जेथे जुळला तेथे काहीच लिहू नये. जेथे तुटला तेथे का तुटला ते एका ओळीत मराठीत लिहावे. प्राध्यापकांनी महिन्यातून एकदा त्या वह्या पाहाव्यात. गुण देऊ नयेत. आता तुमच्या शंकांसाठी वेळ ठेवावयास हवा, म्हणून मी थांबते. प्रश्न मराठीत विचारलेत तरी चालेल.